दगडाखालच्या साली

गोरक्ष कर्जतच्या स्टँडवर केळ्यांचा गाडा लावायचा. न खपलेला माल आणि गाड्यावरच्या साली सांजेला पोत्यातून घरी यायच्या, आणि त्याची आई रंगुबाई त्यातलं कणभर वाया जाऊ द्यायची नाही. काळवंडलेल्या केळ्यांचं शिकरण व्हायचं. सालींच्या आतल्या अंगानं ती लेकाच्या चपला चमकवायची. थोड्या साली शेळीला, बाकीच्या परसातल्या केळींच्या बुडाशी पुरायच्या. त्याच केळींच्या वाळल्या सोपटानं ती शेजारणींचे गजरे बांधून द्यायची.

त्या उन्हाळ्यात टँकर चौथ्या दिवशी यायचा. रंगुबाईनं मोरीतला अंघोळीचा दगडच उचलून केळीच्या आळ्यात नेला. अंगावरून गेलेलं पाणीही झाडाला मिळावं, एवढाच हिशोब.

सून विजयमाला म्हणाली, "आत्या, दगूड डुगडुगतोय. खालच्या साली कुजल्यात."

"मग महाराणीनं पाय जपून टाकावा. उद्या खाली दगडाची चीप लावते."

चीप राहिली. तिसऱ्या सकाळी विजयमाला चुलीवरचं उकळतं तपेलं घेऊन दगडावर चढली आणि दगड कलला. पोटापासून गुडघ्यापर्यंत सगळं भाजलं.

नगरच्या दवाखान्यात नर्स म्हणाली, "चादर अंगाला चिकटते हो. केळीची पानं मिळतील का? कवळी, न फाटलेली?"

तेव्हापासून रंगुबाई रोज पहाटे उठून न उलगडलेला पोगा कापायची, उकळून निवलेल्या पाण्यानं पुसायची आणि ओल्या फडक्यात गुंडाळून पहिली एस.टी. धरायची. पान अंगाखाली गेलं की विजयमाला डोळे मिटायची.

"गार वाटतंय, आत्या."

बघायला आलेल्या बायकांनी विचारलं, तर म्हणायची, "माजाच पाय घसरला." तेव्हा रंगुबाई खिडकीबाहेर बघत बसायची. आज लेकाला सांगू, असं ती रोज ठरवायची. पण आधी पान अंथरायचं असायचं.

नवव्या दिवशी पोगे संपले. बाकीची पानं वाऱ्यानं झिरमिळ्या झालेली. घड धरलेल्या केळीला मात्र शेंड्याला एक धड पान होतं. रंगुबाईनं घडासकट केळ आडवी केली आणि ते पान नेलं.

नर्सनं दारातच पान हातात घेतलं आणि परत तिच्याच हातात दिलं.

"आता नको, आजी. पहाटेच गेली ती."

गोरक्ष पायरीवर बसला होता. रंगुबाई त्याच्याशेजारी टेकली. पान मांडीवरच होतं.

"गोरख्या, त्यो दगूड मी हलवला हुता. ती म्हनली हुती मला, डुगडुगतोय म्हनून."

"ठाव हाय," गोरक्ष म्हणाला. "पयल्याच दिशी सांगितलं तिनं. म्हनली, आत्याला आत्ता काय बोलू नगा. त्या रुसून बसल्या तर पानं कोन आनंल?"