गुडघ्यातलं तेल

माझे सासरे दौलतराव भिलाईच्या पोलाद प्लांटात बेअरिंग फिटर होते. रिटायर झाले, पण प्लांट काही अंगातून गेला नाही. सासूबाईंचा, म्हणजे तुळसाबाईंचा, गुडघा वाजायला लागला, तेव्हा सासऱ्यांनी, मशीनचं बेअरिंग ऐकायचे तसं, सळईचं एक टोक गुडघ्याला, दुसरं कानाला लावलं आणि हुकूम सोडला, "आवाज आला का मशीन बंद. शटडाउन!" झालं. दिवाळीपासून आई, म्हणजे सासूबाई, पलंगावर, चहासुद्धा जागेवर. माझं या घरात ऐकतो कोण!

होळीपर्यंत गुडघा पार आखडला. माझी मुलगी मोना फिजिओथेरपी शिकते. सुट्टीत घरी आली, आजीचा पाय हलवून पाहिला आणि भडकलीच. "आबाजी, असंच निजवून ठेवलं तं आजी कधीच चालणार नाई!"

सासऱ्यांचा चेहरा उतरला, पण हट्ट सुटेना. "घासलेलं बेअरिंग कावून फिरवू मी? अजून झिजन ना!"

रविवारी मोनाने मटणवाल्याकडून बोकडाचा अख्खा गुडघा आणला आणि पाटावर ठेवून सुरीने सांधा उघडला. मी नाक मुरडत गेले आणि बघतच राहिले. इतकी वर्षं मटण शिजवलं, पण हे कधी दिसलंच नव्हतं. हाडांची टोकं पांढरीशुभ्र, चिनी मातीच्या बशीसारखी गुळगुळीत, आणि मधे चिकट, नितळ पाणी.

सासऱ्यांनी ते बोटावर घेतलं, अंगठ्याने चोळलं, तार ओढून पाहिली. प्लांटात तेल ते असंच पारखायचे.

"हे कोण भरते?"

"कोणीच नाई. सांधा खुदच बनवते. अन् हाडावरच्या या पांढऱ्या गादीत रक्ताची नळी नाई, आबाजी. पाय हलला का ती दबते, सुटते, अन् हेच पाणी पिते. बंद ठेवली तं उपाशी राहते."

"उपाशी?" त्यांनी पलंगाकडे पाहिलं. "मी जिंदगीभर ग्रीस भरत राहिलो, अन् इथं चालल्यानंच तेल भेटते!" मी माझाच गुडघा चाचपून पाहिला. एवढं नवल आपण अंगात घेऊन हिंडतो आणि पत्ताच नसतो!

मोनाने सुट्टीभर आजीकडून व्यायाम करून घेतला. मग एका सकाळी आई उभ्या राहिल्या. पहिल्याच पावलाला गुडघा कट् वाजला. सासऱ्यांचा हात सवयीने वर गेला, मशीन थांबवायला जातो तसा. आई जागीच थबकल्या.

मग तोच हात त्यांनी खाली आणून आईंपुढे धरला.

"वाजू दे," ते म्हणाले. "तू चाल वं."