जाळीच्या डाव्या बाजूच्या कोंबड्या

सासऱ्यांनी मला आठच दिवस दिले होते. गेल्या उन्हाळ्यात उष्म्याने तीनशे कोंबड्या गेल्या, तेव्हापासून ते शेड बंद करायचं म्हणत होते. आणि मी म्हणत होते, पुदिना, आवळा, आलं वाळवून त्याची पूड खाद्यात घालून तर बघू.

"पालापाचोळ्याने कुठे ऊन उतरतं का?" ते म्हणाले. झालं, मीही हट्टाला पेटले.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तोडगा काढला. शेडच्या मधोमध जाळी बांधायची. उजवीकडच्या पाचशे कोंबड्यांना रोज मापटंभर पूड, डावीकडच्या पाचशेंना नुसतं खाद्य. आठव्या दिवशी भर दुपारी चोच वासून धापा टाकणाऱ्या मोजायच्या. फरक दिसला तर शेड राहील, नाही दिसला तर कुलूप.

"वहिनी, डावीकडच्यांनी काय पाप केलंय?" नणंदेने विचारलं.

"त्यालाच प्रयोग म्हणतात," मी ठसक्यात सांगितलं. पण डावीकडून जाताना मी मान खालीच घालायचे. एक कोंबडी माझ्याकडे टक लावून बघायची. मी मनातल्या मनात तिची माफी मागायचे आणि पाय उचलायचे.

आठव्या दिवशी दुपारी दोनला पारा बेचाळीसवर होता. डॉक्टरीणबाईंनी उजवीकडे मोजलं. एकवीस! माझी छाती फुगली. मग डावीकडे मोजलं. अकरा.

"अकराच?" माझा आवाज चिरकला. तिकडच्या कोंबड्या माहेरी आल्यासारख्या निवांत दाणे टिपत होत्या.

संपलं सगळं. माझे डोळे भरून आले. ते बघून नणंदेचा धीर सुटला.

"वहिनी, मारू नकोस. मला बघवेना गं. रोज सकाळी मापटंभर पूड टाकत होते मी त्यांना."

मी तिच्यावर तोंड सोडणार, एवढ्यात डॉक्टरीणबाई पुडीच्या पिंपात डोकावल्या. "एवढ्याने पिंप इतकं रिकामं होत नाही."

सासरे एकदम छताचा पंखा न्याहाळायला लागले. त्यांच्या शर्टाच्या खिशाला हिरवी पूड लागलेली होती.

"बाबा, तुम्हीसुद्धा?" नणंद किंचाळली.

"ओरडतेस काय? त्या कोंबड्या माझ्या नाहीत का? संध्याकाळी एकच मापटं घालायचो."

मी पिंपात हात घातला. दोघांचं धरूनही पूड कमीच होती. आम्ही तिघांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. रोज दुपारी तपासायला त्या एकट्याच आत जायच्या. त्या कानापर्यंत लाल झाल्या.

"एक फारच धापा टाकत होती हो. मग एकटीलाच कसं द्यायचं? रोज मापटंभर सगळ्यांनाच टाकलं."

मी जमिनीवर फतकल मारून हसत सुटले. बिनपुडीच्या म्हणवणाऱ्यांना रोज तीन मापटी, लाडक्यांना एक! आख्ख्या शेडमध्ये दगडाच्या काळजाची मी एकटीच निघाले होते.

"प्रयोग बाद," डॉक्टरीणबाई डोळे पुसत म्हणाल्या. "पुन्हा आठ दिवस लावू. आता कोणती बाजू पुडीशिवाय ठेवायची?"

कुणीच बोट दाखवेना.

"एका मापट्याला एकवीस, तीन मापट्यांना अकरा," सासरे पुटपुटले. "एवढं गणित मलाही येतं. सूनबाई, उद्यापासून पूड वाढव, सगळ्यांना पुरली पाहिजे. पुढच्या उन्हाळ्यातसुद्धा."