वीस हजार लिटरचा आसरा

पहिला सायरन वाजला तेव्हा गंगारामकाका प्लास्टिकच्या खुर्चीसकट हवेत लटकत होते.

खाली सोसायटीची पाण्याची टाकी, वर दोर धरलेली चार माणसं, आणि शेजारी मोबाईलवर वेळ मोजत उभा सेक्रेटरी विपुल.

"हळू," विपुल म्हणाला, "पण लवकर."

मे महिना होता. सीमेवर विमानं उडायला लागली होती, आणि सगळीकडे मॉक ड्रिलचा हुकूम आला होता. चंदनसारच्या या सोसायटीला तळघर नव्हतं. पार्किंगखाली टाकी मात्र होती. काँक्रीटची, जमिनीच्या आत, आणि पाच दिवस टँकर न आल्यामुळे ठणठणीत कोरडी. विपुलने मीटिंगमध्ये विचारलं होतं, बॉम्बपासून वाचायला माणसाला आणखी काय पाहिजे? कुणाला उत्तर सुचलं नाही, त्यामुळे ठराव पास झाला.

सुशीलाकाकूंना तो मान्य नव्हता. "यांचे दोन्ही गुडघे गेलेत रे. पलंगावरून उठवायला दोन माणसं लागतात. यांना घरी राहू दे."

"काकू, ए विंग शंभर टक्के आत पाहिजे. तुमच्यामुळे नव्व्याण्णव झाली तर जिन्याखाली लपणारे बी विंगवाले हसतील."

काका खाली टेकले. मग काकू, मग दुसऱ्या मजल्यावरची रिटायर्ड नर्स व्हेरोनिका, मग बाकीचे. काका दोराने, बाकीचे शिडीने, दोर धरणारे चौघे आणि विपुल धरून एकूण चौदा जण. सगळ्यांचे फोन आधीच पिशवीत भरून वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवले होते. फोनवरून शत्रूला ठिकाण कळतं, असं विपुलने ग्रुपवर वाचलं होतं. शेवटी त्याने स्वतःचाही फोन वॉचमनच्या हातात दिला आणि खाली उतरला.

वॉचमनने लोखंडी झाकण लावलं. आता, शेजारच्या बिल्डिंगवाले पाणी चोरतात म्हणून या झाकणाला कायम कुलूप असायचं. सहा वर्षं झाकण पडलं की वॉचमनचा हात कुलपावर जायचा. आजही गेला. चावी खिशात टाकून तो, विपुलनेच सांगितल्याप्रमाणे, नाक्यावर रिक्षा थांबवायला निघून गेला.

आत सगळ्यांनी तो आवाज ऐकला.

"हा कसला आवाज?" काकूंनी विचारलं.

"सुरक्षेचा," विपुल म्हणाला, पण त्याचा आवाज जरा बारीक झाला होता.

उजेड यायचा तो फक्त पाईप घालायच्या चौकोनी भोकातून. दहाएक मिनिटांनी तोही गेला. भोकात दंडाएवढा जाड पाईप आला, आणि पाण्याचा लोंढा व्हेरोनिकाच्या डोक्यावर पडला.

सगळे ओरडले. पाईप थोडा सरकला आणि टँकरच्या ड्रायव्हरचा एक डोळा दिसला.

"अंदर कौन है?"

"सोसायटी," विपुल म्हणाला.

ड्रायव्हरला फारसं नवल वाटलं नाही. "बंद करूं क्या? बंद किया तो मैं अगली बिल्डिंग में जाएगा. फिर शनिवार को."

पाच दिवसांची भांडी, पाच दिवसांचे कपडे, पाच दिवसांचे संडास प्रत्येकाच्या डोळ्यांपुढून गेले.

"बंद कर बाबा," सुशीलाकाकू म्हणाल्या.

"एक मिनिट," विपुल म्हणाला. "हात वर करून ठरवू."

अंधारात हात दिसत नव्हते, त्यामुळे बहुमत लगेच झालं. पाणी कमरेपर्यंत येऊ द्यायचं, तोवर ड्रायव्हरने नाक्यावरून वॉचमनला शोधून चावी आणायची. ड्रायव्हर गेला. टँकरचा कॉक उघडाच राहिला.

पाणी घोट्यावर आलं, पोटऱ्यांवर आलं. काका खुर्चीत बसलेले, त्यामुळे त्यांची कंबर सगळ्यांच्या आधी बुडाली.

"कमर झाली," काकू म्हणाल्या.

"ॲव्हरेज कमर धरायची, काकू."

"टाकी केवढी आहे रे?" व्हेरोनिकाने विचारलं.

"वीस हजार लिटर."

"टँकर?"

"वीस हजार."

"आणि आपण चौदा जण किती लिटर?"

पाणी काकांच्या छातीला लागलं. ते मान वर करून श्वास घेत होते. काकूंनी त्यांच्या काखेत हात घातले.

"अहो, उठा. मी धरलंय."

आणि काका उठले. पाण्याने त्यांना उचललं होतं. भिंतीला हात लावून ते वर्षभरात पहिल्यांदा आपल्या पायांवर उभे राहिले.

"सुशी," ते म्हणाले, "दुखत नाहीये गं."

"बरं. मग हलू नका."

काकू रिकाम्या खुर्चीवर चढल्या, दोन्ही हातांनी पाईप धरला आणि वर रेटला. तिसऱ्या धक्क्याला तो भोकाबाहेर पडला. पार्किंगमध्ये पाणीच पाणी झालं.

"काकू, शनिवारपर्यंत काय प्यायचं?" विपुल म्हणाला.

वर धावपळ ऐकू आली. बी विंगच्या बायका बादल्या, हंडे, पिंपं घेऊन उतरल्या होत्या. काकूंनी भोकातून हाका मारल्या.

"दोन मिनिटं हां काकू," हेमांगीचा आवाज आला. ती बी विंगची, महिला समितीची. "भरून घेतो आणि बघतो." आपली भांडी भरल्यावर तिला हळहळ वाटली. "अगं, केवढं वाया चाललंय," असं म्हणत तिने पाईप उचलून पुन्हा टाकीत घातला.

काकूंनी बाहेर ढकलला. हेमांगीने आत घातला. काकूंनी पुन्हा ढकलला. पुढच्या वेळी पाईपसोबत हेमांगीचा हात आत आला, तो काकूंनी मनगटाला पकडला.

"अगं बाई, काकू, तुम्ही आत? आणखी कोण आहे?"

"ए विंग. आधी कॉक बंद करायला सांग, मग कुलूप उघड. मग हात सोडीन."

कॉक लगेच बंद झाला. वॉचमनही पाच मिनिटांत सापडला.

झाकण उघडलं. तेव्हा पाणी उभ्या माणसाच्या छातीला लागलं होतं. सगळ्यात आधी विपुल वर गेला, व्यवस्था बघायला. मागोमाग बाकीचे चढले. राहिले काका, आणि काका राहिले म्हणून काकू.

चौघांनी काकांना खुर्चीत बसवून दोर ओढला. अर्ध्यावर ओला दोर हातातून निसटला आणि काका धप्पकन पाण्यात गेले. क्षणभर नुसते बुडबुडे दिसले. काकूंनी सदरा धरून त्यांना वर आणलं तेव्हा ते खोकत होते, ओठ निळे पडले होते.

"परत दोर नको," व्हेरोनिका वरून म्हणाली. "आणि थंडीत फार वेळ नको. लवकर काढा."

शिडीवर पाय ठेवायचा तर गुडघा वाकत नव्हता. काकूंनी एकदा नवऱ्याकडे, एकदा वरच्या उजेडाकडे पाहिलं. पाठीखाली हात धरला की काका अलगद तरंगत होते.

"हेमांगी," काकू म्हणाल्या, "पाईप घाल आत."

"काकू, नक्की?" विपुलने विचारलं. "मघाशी तर तुम्हीच..."

"तू गप बस. मत नको मला तुझं."

पाणी सुरू झालं. काकू एक हात शिडीला, एक हात काकांच्या पाठीखाली, अशा एकेक पायरी वर सरकत होत्या. काकांचा चेहरा झाकणाच्या जवळ येत गेला. वरून चौघे आडवे पडून हात खाली सोडून होते. एक वीत राहिली. मग चार बोटं.

मग पाईप गुरगुरला आणि थेंब थेंब गळायला लागला. टँकर संपला.

चौघांची बोटं काकांच्या खांद्याला टेकत होती, पण पकड बसत नव्हती. काकांचे दात वाजत होते. काकूंचा हात भरून आला होता.

काकूंनी वर पाहिलं. चौकटीभोवती बी विंग उभी होती, प्रत्येकीच्या पायाशी भरलेलं भांडं.

हेमांगीने आपल्या पिंपाकडे बघितलं. पाच दिवसांनी भरलेलं पिंप. मग तिने ते वॉचमनच्या मदतीने कडेला ओढलं आणि टाकीत उपडं केलं.

"बघताय काय," ती बाकीच्यांना म्हणाली. "ओता."

हंडे ओतले गेले, बादल्या ओतल्या गेल्या, एकीने कुकरसुद्धा ओतला. पाणी बोटभर चढलं, दोन बोटं चढलं. चौघांचे हात काकांच्या काखेत शिरले आणि त्यांनी घट्ट धरलं.

"सोडू का?" काकूंनी विचारलं.

"सोड," काका म्हणाले. "पण तू मागेच ये."