एकशे सोळा गुनांचा पंप

आता तुमीच सांगा, पंप घ्याचा रामकिसनभाऊनं, थ्याले गुन द्याचे थ्याच्या पोरानं, अन् पाठ द्याची आमच्या मानसानं, हा कोन्या दुनियेतला न्याय झाला? मी भुरीबाई, किन्हीराजाच्या खालच्या तांड्यावरची. वावराच्या धुऱ्यावर, बांधावर उभी राहून हेच बोलली, तं रामकिसनभाऊ मोबाईल माह्या नाकासमोर नाचवून म्हने, "भुरीबाई, तोंड कमी चालव. ह्या पंपाले एकशे सोळा गुन हायेत. एकशे सोळा!"

"मंग गुनाईलेच सांगा ना टाकी उचलाले," मी म्हनलं.

हे भांडन उभं कसं राह्यलं, थे सांगतो. ज्याच्या वावरात आमी मजुरीले जातो, थ्या रामकिसनभाऊचा पोरगा हरीओम अमरावतीहून कॉम्प्युटर शिकून आला. नोकरी काई भेटली नाई, पन एक फार्म्युला घिऊन आला. कोनतीबी वस्तू घ्याची तं थिच्या चार गोष्टी मांडाच्या. हरेक गोष्टीले दहापैकी गुन द्याचे. मंग थे गोष्ट आपल्याले जेवढी महत्त्वाची, थेवढ्यानं गुनाचं. सारी बेरीज कराची अन् जिचे गुन जास्त, थे वस्तू घरी आनाची. बापाले वाटलं पोरगं कलेक्टर झालं. साबन गुनानं, चप्पल गुनानं, कुकर गुनानं. चहापत्तीबी गुनानंच आनली. किमतीले पाचनं गुनलं, वजनाले चारनं, पुड्यासंग फुकट भेटनाऱ्या डब्यालेबी दोननं गुनलं, अन् चवीची ओळ मांडाचीच राह्यली! रामकिसनभाऊची बायको मनकर्णाबाई मले म्हने, "भुरे, चार चमचे टाकले तरी पान्याले रंग चढत नाई. पन बेरीज बरोबर हाये म्हने." आमी दोघी पोट धरून हासलो. हासाले काय जाते, चहा थ्याईच्या घरचा होता.

मंग फवारनीच्या पंपाची पाळी आली. आठ दिवस झड लागली होती. उघाड पडली अन् सोयाबीनवर अळी तुटून पडली, पानाची चाळनी करून टाकली. बापलेक जऊळक्याले गेले अन् तिथंच दुकानात मोबाईल काढून बसले. सोळा लिटरच्या पंपाले अठ्ठ्यान्नव गुन, वीस लिटरच्याले एकशे सोळा. काहून? तं टाकी मोठी, भराच्या खेपा कमी, बॅटरी दमदार. टाकीलेच पाचनं गुनलं होतं ना! भरलेली टाकी पाठीवर घिऊन चिखलात कोन चालनार, हे मातर कायनंच गुनलं नाई.

चालनार होता माह्या पोरीचा, रंजीताचा बाप. मी नाव घेत नसतो, पन तुमाले समजलं पायजे मनून सांगतो, खेमा. चाळीस वर्साचा मानूस, आंगानं काडी. पंप भरला का सव्वीस किलो. खाली काळी माती अशी का पाय घातला तं घोट्यालोक धरून ठिवते. मी ड्रममधून बकेटीनं पानी काढू, औषध मिसळू, पंप भरू अन् थ्याच्या पाठीवर चढवून देऊ. चढवताना थ्याचे गुडघे वाकत, थे मले दिसे. झाकनबी सैल. चालला का औषध ठिबकून पाठीवर ओघळे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सदरा काढला तं दोन्ही खांद्याची कातडी निघाली होती अन् पाठ लालबुंद. मी खोबऱ्याचं तेल लावून राह्यली होती, अन् हा म्हने, "तू काई बोलू नोको. काम जाईन."

"काम जाईन तं दुसरं भेटन," मी म्हनलं. "पाठ गेली तं? दिवाळी झाली का ऊस तोडाले जाचं हाये. आपल्या दोघाईचा मिळून एक कोयता. तू बसला तं माहा अर्धा कोयता कोन घेते? अन् पोरीचं कालेज?"

रंजीता बारावीले हाये, मालेगावले जाते. थे कोपऱ्यात वही घिऊन बसली होती. नुसती बापाच्या पाठीकडं पाहे.

तिसऱ्या दिवशी थ्यानं पंप धुऱ्यावर ठिवला अन् म्हनला, "भाऊ, हा मले झेपत नाई. जुनाच द्या." थ्यावर थे एकशे सोळाचं पुरान सुरू झालं, जे मी आधी सांगतलं. आमी बधलो नाई, तं रामकिसनभाऊले भलताच राग आला. थ्यानं हरीओमले बलावलं अन् म्हने, "लाव बे, मजुराईलेबी फार्म्युला लाव."

अन् लावला ना! वय, ताकद, उंची, अन् एक ओळ कुरकुरीची. आमच्या मानसाले एकसष्ट गुन, तांड्यावरच्या हरिसिंगले चौऱ्यांशी. मी म्हनलं, "हरीओम, तू माह्या हातचं बेसन-भाकर खाल्ल्यालं लेकरू, तुले लाज नाई वाटत?" तं म्हने, "काकू, मनावर घिऊ नोका. हा डाटा हाये." डाटा! असा संताप आला, वाटलं बकेट थ्याच्याच डोक्यावर पालथी करावी.

चौऱ्यांशी गुनाचा हरिसिंग दुसऱ्या रोजी वावरात गेला. गडी चांगला पयलवान. दोन पंप मारले, तिसरा धुऱ्यावर आनून आपटला अन् सरळ तांड्यावर आला. "काकी," म्हने, "थो पंप नाई, आंगावर बसलेलं रेडकू हाये."

थ्याच दुपारी रंजीतानं लिंबाच्या झाडाखाली वही उघडली. सारे फवारनीवाले गोळा केले. म्हने, "फार्म्युला थ्याईच्या बापाचा हाये काय? आपनबी लावू. पंपाचं ओझं, याले पाचनं गुनाचं. रोजमजुरी वक्तावर, चारनं. मालकाची जीभ, तीननं. प्याचं पानी, दोननं. ज्याची पाठ, थ्यानंच गुन द्याचे."

मायबाई, काय रंग चढला! सात मालक मांडले. मानसं एकेक गुनासाठी भांडत होते. रामकिसनभाऊले पंपाचे दोन देल्ले. रोज वक्तावर देते, आमी खोटं नाई बोलत, थ्याचे आठ. पान्याचे पाच. जिभेची पाळी आली तं सारे माह्याकडं पाह्यले. मी म्हनलं, एक. बेरीज आली पंचावन्न. सातात सातवा! अन् ठरलं असं, का वरच्याकडं आधी जाचं, खालच्याकडं सगळ्यात शेवटी.

चार दिवस रामकिसनभाऊच्या वावरात कोनी गेलं नाई. बाजूच्या वावरात फवारे चालू, अन् याच्या वावरात अळी दिवाळी करून राह्यली. पाचव्या दिवशी सकाळीच फटफटी घिऊन तांड्यावर आला. रंजीतानं शांतपनानं वही दाखवली. आधी हासला. मंग वाचली. मंग तोंड उतरलं.

"पंचावन्न? मले?"

"काका, मनावर घिऊ नोका," रंजीता म्हनली. "डाटा हाये."

माहा मानूस, बायानं तोंडाले पदर लावून हासावं तसा, गमछा तोंडात कोंबून बसला होता. रामकिसनभाऊ म्हने, "पोरी, तुमी लोकाईनं ओळीच चुकीच्या घेतल्या."

"मंग तुमच्याच ओळी घेऊ," थे म्हनली. "नुसती एक पाठीची टाकू, टाकीएवढीच महत्त्वाची, पाचनं. सोळा लिटरच्याले बाबा सात देते, वीसच्याले दोन. करा बेरीज."

थ्यानं मोबाईल काढला. बोट चालवलं. पुन्यांदा चालवलं. सोळाचा एकशे तेहतीस, वीसचा एकशे सव्वीस. धा मिनटं थो मानूस लिंबाखाली उभा राहून थ्याच दोन आकड्याईकडं पाह्यत होता. हातात सारा हिसाब, अन् समोर जिता मानूस बसलेला, पन कळाले सव्वाशे गुन लागले! शिकल्यालं डोकं असं असते काय?

थ्याच दिवशी जऊळक्याले जाऊन पंप बदलून आला. झाकन घट्ट, पट्टे रुंद. अन् येता येता किन्हीराजाच्या चहाच्या टपरीवर सांगतलंबी म्हने, "मजुराच्या पाठीची ओळ टाकाची आयडिया माहीच." सांगू द्या. थ्याच्या सांगन्यानं टाकी जड होत नाई.

तांड्यावर पंप दाखवून म्हने, "आता किती झाले गुन?"

रंजीतानं बेरीज केली. "पंपाचे वाढले. सारी बेरीज ऐंशी झाली. तीन नंबरवर आले तुमी."

"एक नंबरवर याले काय लागते?"

"जीभ," रंजीता म्हनली. "तिथं एकच गुन हाये. अन् थे गुन माय देते."

रामकिसनभाऊ माह्याकडं वळला. बारा एकराचा धनी, पायातल्या चपला चिखलात, अन् तोंडावर असे भाव का परीक्षेचा निकाल लागाचा हाये. "भुरीबाई," म्हने. मंग घसा साफ केला. "भुरीताई, काई तरी वाढवा ना."

मी कपाळावरचा पदर सारका केला, बकेट उचलली अन् म्हनलं, "पंधरा दिवस पाह्यतो, भाऊ. मंग सांगतो."