कागदावरचं सौरग्राम

आमचं गाव सौरग्राम करायचं ठरलं तेव्हा मला ते खरंच वाटलं होतं. जळगाव जामोदला मी वायरमनचा कोर्स केला. गावातल्या निम्म्या मोटारी माझ्याच हातून दुरुस्त झालेल्या. प्रकल्पाच्या समितीत एक बाई हवी होती म्हणून माझं नाव घातलं.

पाणीपुरवठ्याच्या विहिरीपाशी चोवीस पॅनल बसले. पण त्यांच्या विजेवर मोटार चालवणारा कंट्रोलर काही आला नाही. उद्घाटनाची तारीख मात्र आली.

आदल्या दिवशी जिल्ह्याचे साहेब आले. एसीसाठी गाडीचं इंजिन तासभर चालूच. काच अर्धी खाली करून म्हणाले, "पंचायतीच्या मागे डिझेल जनरेटर ठेवू. त्यावर मोटार जोडा. मंत्र्यांनी बटण दाबलं की पाणी पडलं पाहिजे."

"मग पॅनल कायले लावले, साहेब?"

"दिसताहेत ना ते?"

सरपंच मोतीरामभाऊंनी मला बाजूला नेलं. "समता, एका दिवसाचं काम हाय. काऊन अडून राह्यली?"

"उद्या टाळ्या वाजल्या की साहेबायच्या कागदावर काम पूर्ण. मंग कंट्रोलर कोण पाठवते, भाऊ?"

भाऊंना कळत होतं, पण मंत्र्यांशेजारच्या खुर्चीत जीव अडकला होता.

मी जोडणी केली नाही. काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सहीही केली नाही. मग साहेबांनी खामगावहून माणूस आणला आणि माझ्या जागी भाऊंच्या सुनेची, काजलची, सही घेतली. कसली समिती, हे तिनं मला नंतर विचारलं.

दुसऱ्या दिवशी मंत्र्यांनी बटण दाबलं. मागे जनरेटर धडधडला, टाकीत पाणी पडलं, धूर मंडपात शिरला. "प्रदूषणमुक्तीची सुरुवात या गावातून झाली," मंत्री म्हणाले आणि खोकले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी जनरेटर परत गेला.

त्याला आता चार महिने झाले. मोटार जुन्याच लाइनीवर, लाइन असेल तेव्हा. पॅनलच्या सावलीत आमच्या गल्लीतल्या बेबीताईच्या शेळ्या बसतात.

मागच्या महिन्यात साहेबांचा फोन आला. काजलचा नंबर लागत नव्हता म्हणे. "ताई, आढावा आहे. चालू प्रकल्पाचा फोटो पाठवा."

मी होता तसा पाठवला.

"शेळ्या हटवून काढा."

"कायले, साहेब? तेवढाच उपयोग होऊन राह्यला."

त्यांनी फोन ठेवला. मी बेबीताईला आणि गल्लीतल्या अकरा बायांना घेऊन ग्रामसभेत गेले आणि 'प्रकल्प एकही दिवस चालला नाही' असा ठराव लिहून घेतला. भाऊंनी मान वर न करता सही केली.

ठरावाची प्रत जिल्ह्याला गेली. आठ दिवसांनी उत्तर आलं: आपल्या गावाची आदर्श सौरग्राम म्हणून निवड झाली आहे, अभिनंदन. मी ते ग्रामसभेत मोठ्यानं वाचलं. बाया हसल्या. भाऊ मात्र उठून बाहेर गेले.