उरलेला नट

नटाची रुंदी नऊ पूर्णांक अठ्ठ्याण्णव शतांश मिलिमीटर होती, जाडी पाच, वजन अडीच ग्रॅम. सहापैकी एका कडेवर पान्याचा ओरखडा. शरयूने तो व्हर्नियरच्या जबड्यातून सोडवून काचेच्या बरणीत टाकला आणि मोजपट्टी घेऊन हॉल मोजला. नट उरला की हॉल बावीस सेंटिमीटरने आखूड व्हायचा. हा चौदावा नट होता. मुळात चार मीटर ऐंशी असलेला हॉल आता एक मीटर बहात्तर भरला.

खिडकीकडची भिंत पुढे सरकत आली होती. तिने वाटेतलं काही मोडलं नाही. आधी टीव्ही, मग दिवाण, मग खुर्च्या आतल्या खोल्यांत न्याव्या लागल्या, इतकंच. बाहेरून इमारत होती तेवढीच होती. तेही शरयूने मोजून पाहिलं होतं. संक्रांतीला शेजारच्या आवटी काकू तिळगूळ घेऊन आल्या, उंबऱ्यातूनच आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "हॉल लहान केलात वाटतं. बरं केलंत, झाडायला कमी." मग जमिनीवर पसरलेल्या वर्तमानपत्रांकडे, रॉकेलच्या डब्याकडे आणि उघड्या स्कूटरकडे बघत त्यांनी विचारलं, "पेशंट अजून टेबलावरच का, मुरलीधरराव?"

शरयूचा नवरा मुरलीधर हसला नाही. येत्या रविवारी गाडी होणार, असं त्याने सांगितलं.

स्कूटर शरयूची होती. माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत लागली तेव्हा तिने ती पहिल्या वर्षाच्या पगारातून घेतली होती. आता तिला बढती मिळाली होती. गावाबाहेर, अकरा किलोमीटरवर, नवी प्रयोगशाळा निघाली होती आणि ती तिच्या हाताखाली राहणार होती. एसटी तिठ्यापर्यंतच जात होती. पुढचे चार किलोमीटर उसाच्या मळ्यांतून होते. मुरलीधर म्हणाला होता, गाडी असताना पायी कशाला जायचं, रविवारी दुरुस्त करून देतो. त्या रविवारानंतर शरयूने हजर होण्याची मुदत तीनदा वाढवून घेतली होती. चौथ्या पत्रात साहेबांनी स्पष्ट लिहिलं, सोमवारी एकोणीस तारखेला सकाळी हजर व्हावं, नाहीतर नाव पुढच्या माणसाला जाईल.

तो पहिला रविवार खंडेनवमीचा होता. मुरलीधर सूतगिरणीत फिटर होता. गिरणी बंद पडून चार वर्षं झाली तरी खंडेनवमीला हत्यारं घासूनपुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची फुलं ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत हात लावायचा नाही, हा त्याचा नेम होता. पण गाडी जवळपास जुळत आली होती आणि एकच नट ढिला होता. शरयू चहा घेऊन आली तेव्हा दहा-अकराचा पाना पाटावर नव्हता. फडक्यावर हळदीच्या पिवळ्या भुकटीत त्याची तेवढी आकृती मोकळी होती. मुरलीधरने नट आवळला, पाना पँटला पुसून खिशात टाकला आणि चहा घेतला. शरयूने घड्याळ पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं. मग त्याने किक मारली, गाडी फुरफुरून गप्प झाली आणि त्याच्या गुडघ्यापाशी एक नट पडलेला दिसला.

तेव्हापासून पाट तसाच दाराशेजारी होता. फुलं वाळली होती. पूजा अर्धवट राहिल्यासारखी वाटत होती, म्हणून तिने तो उचलला नव्हता.

उरलेला नट गाडीत कुठेच लागत नसे. शरयूने एकदा यादी करून बोल्ट न् बोल्ट तपासला. प्रत्येकाला आपापला नट होता. तिने मुरलीधरला यादी दाखवली. त्याने ती वाचली आणि म्हणाला, "मग कुठला तरी राहिला असणार." आणि सगळं पुन्हा उघडलं.

कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला दाखवू या, असं ती दोनदा म्हणाली होती. पहिल्यांदा त्याने ऐकलंच नाही. दुसऱ्यांदा तो हातातला कार्ब्युरेटर फडक्याने पुसत राहिला. "गिरणीत सुताच्या चारशे चात्या फिरत होत्या या हातावर," तो म्हणाला. "आता एक स्कूटर दुसऱ्याकडे न्यायची?" तिला बोलायचं एक वाक्य होतं, ते पाठ होतं. अंघोळ करताना, भांडी घासताना ते ओठांवर यायचं. मग हॉलमधून हाक यायची, "शरयू, दहा-अकरा दे," आणि ती हात पुसत जाऊन त्याच्या पायापाशी पडलेला पाना त्याच्या हातात द्यायची.

चौदाव्या नटाने भिंत दारापर्यंत आली. दार बाजूच्या भिंतीत होतं आणि चौकट नव्वदची होती. ती आता बहात्तर झाली. स्कूटरचं हँडल अडुसष्ट भरलं. शरयूने मुरलीधरला सांगितलं की आज बाहेर काढली तर निघेल, पुढच्या रविवारनंतर निघणार नाही. "उघडी आहे, कशी काढू?" तो म्हणाला. हॉलच्या लांबीत गाडी मावेना म्हणून त्याने ती आडवी लावली. "बघ," तो म्हणाला, "आडवी बसते."

त्या आठवड्यात शरयूने स्वतःला मोजलं. भिंतीला पाठ लावून, खांद्याला पर्स अडकवून. एकतीस सेंटिमीटर.

रविवारी त्याने सकाळी सातला सुरुवात केली. तिने प्रयोगशाळेची कागदपत्रं पर्समध्ये घातली आणि पर्स दाराच्या खिळ्याला लावली. दुपारभर रॉकेलचा वास घरभर होता. मुरलीधर एकेक भाग पुसून वर्तमानपत्रावर ओळीने मांडत होता, आणि त्याची बोटं इतकी हळुवार, इतकी बिनचूक चालत होती की शरयूला त्याचाही राग आला. चार वाजता शेवटचं झाकण बसलं. त्याने किक मारली. एकदा, दोनदा, बारा वेळा. गाडी फुरफुरली आणि गप्प झाली.

नट या वेळी सीटवर होता.

भिंतीचा आवाज झाला नाही. फक्त तिच्यावरच्या कॅलेंडरमधली अठरा तारीख शरयूला चष्म्याशिवाय वाचता आली. स्कूटरचं हँडल भिंतीला टेकलं. तिने पट्टी लावली. हॉल एक मीटर पन्नास. दार पन्नास. तिने नट मोजला नाही. पंधरावा म्हणून बरणीत टाकला आणि झाकण लावलं.

मुरलीधर खाली बसला होता. भिंत त्याच्या पाठीला लागली होती, म्हणून तो थोडा पुढे सरकला.

"आता सापडली चूक," तो म्हणाला. "परत उघडतो. सकाळपर्यंत होईल. तुला उद्या जायचंय ना."

शरयूने मनातल्या मनात पन्नासातून बावीस वजा केले. अठ्ठावीस.

"दहा-अकरा दे," तो म्हणाला.

पाना तिच्या पायाशी होता. तिने तो उचलला. मुरलीधरने मान वर न करता हात पुढे केला. तळवा काळा होता आणि मधोमध, जिथे पाना बसायचा, तिथे गोरी रेघ होती. शरयू दाराकडे वळली. तिने पाना पाटावर, हळदीतल्या त्याच्या मोकळ्या आकृतीत ठेवला. तो कडेला कडा लावून बसला. तिने पर्स खांद्याला अडकवली आणि अंग आडवं धरून एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला.

त्याचा हात अजून पुढेच होता.

"अहो," ती म्हणाली, "ही गाडी तुमच्याच्यानं होणार नाही. मी उद्या तिठ्यापासून चालत जाणार आहे."