कॅप्सूलची पूड

आमच्या दिंद्रुडात जखमेवर अँटिबायोटिकची कॅप्सूल फोडून पूड भुरभुरायची पद्धत आहे. असं करू नका, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, पायाच्या अंगठ्याला नांगराचा फाळ लागला, तेव्हाही पंडितकाकांनी हेच केलं. अण्णांना शुगर. वर खपली धरली आणि काका गावभर मिरवले.

अंगठा सुजला तेव्हा मी अण्णांना बीडला नेलं. डॉक्टरांनी खपली जराशी दाबली, तर पू आला. "अंगठा काढून जखम आतून साफ करू, पाय वाचेल. पण आजच."

दवाखान्याच्या व्हरांड्यात भावकी जमली. मी कॉलेजात जंतूंचाच विषय शिकवते, म्हणून समजावायला गेले.

"काका, जंतू एकमेकांशी बोलतात. तोंडाने नाही, रसायन सोडून. थोडे असतात तोवर गप्प राहतात. आपण पुरेसे जमलोय हे त्या रसायनावरून कळलं, की मिळून विष सोडतात, भोवती चिकट थर बांधतात. त्यात औषध नीट शिरत नाही. त्यांचं बोलणं बंद पाडणारं औषध शोधणं चाललंय, पण दुकानात अजून मिळत नाही. म्हणून थर खरवडूनच काढावा लागतो."

"जंतू बोलतेत?" काका खो खो हसले. "मग इचार की त्यायला, कवा जानार हायेत!"

सगळी भावकी हसली. माझ्या अंगाची लाही लाही झाली. माणूस मरणाच्या दारात आणि यांना थट्टा सुचते!

"आन् अंगठ्याबिगर चप्पल कशी ऱ्हाईल पायात?" काका म्हणाले. "अमावस्या होऊ दे, मग बघू."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे. "पंडित म्हनतोय तर ऱ्हाऊ दे, पोरी."

मी हात जोडले, भांडले, रडले. त्यांनी अण्णांना घरी नेलंच. पुन्हा पूड. अमावस्येच्या आधीच अण्णा तापाने बरळायला लागले, पाय घोट्याच्या वरपर्यंत काळा पडला, तेव्हा कुठे सगळे गाडी शोधत धावले.

ऑपरेशननंतर अण्णांनी डोळे उघडले. खाटेभोवती भावकी उभी होती.

"अंगठा गेला का रं, पंडित?"

काका पंख्याकडे बघत राहिले. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. मग काकांनी मला कोपराने हळूच ढोसलं. "तूच सांग. तू शिकलेली हायस."

आता मी शिकलेली झाले! काकांचा हात मी झटकून टाकला आणि अण्णांचा धरला.

"अंगठा नाही, अण्णा. गुडघ्याखालचा पाय गेला."